पिंपरीचे पेनिसिलिन आणि गुप्तरोगचिकित्सेतील उणीव

पुण्याच्या वायव्येस, मुंबईच्या हमरस्त्यालगत वसलेल्या पिंपरी या गावी इ. स. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील केंद्र सरकारचा पहिला कारखाना होय. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी सोडल्यास पिंपरी, भोसरी, आकुर्डी ही त्या काळी शेतीवर जगणारी गावे होती. चिंचवडची ख्याती मोरया गोसावींच्या देवस्थानापुरती होती. पुढे आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत ज्याची गणना झाली, त्या परिसराच्या उद्योगपर्वाची मुहूर्तमेढ अशा रीतीने एका औषधाने रोवली गेली.

पेनिसिलिनने ज्या रोगांचे भवितव्य पालटले त्यांत उपदंशाचा क्रम बराच वरचा आहे. तथापि ज्या परिसरात हे औषध तयार होत होते, तेथील साध्या कामगारास व त्याच्या पत्नीस ते घराजवळच्या सरकारी दवाखान्यात, कोणाची चौकशी ओढवून न घेता, सहज मिळावे अशी व्यवस्था पुढील अनेक दशकांत पुरतेपणी उभी राहिली नाही. या विसंगतीचे कारण प्रारंभी तरी औषधाचा तुटवडा हे नव्हते. ते आरोग्यधोरणाच्या एका जुन्या सवयीत शोधावे लागते. हा रोग सर्वांचा नसून अमुक एका वर्गाचा आहे असे गृहीत धरावयाचे, त्या वर्गापुरते स्वतंत्र दार उघडावयाचे, आणि सर्वसामान्य दवाखान्याने त्याकडे पाठ फिरवावयाची, अशी ही सवय आहे. तिचा उगमही पिंपरीपासून फार दूर नाही.

रोगाची नावे येथे प्रथम पाहण्याजोगी आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘फिरंग’ नावाचा रोग वर्णिलेला असून त्यावर पारदयुक्त औषधे व चोपचिनी सांगितली आहे. रोग परक्यांनी आणला, ही समजूत नावातच गोठलेली आहे. युरोपातही प्रत्येक देशाने हा रोग शेजारच्या देशाच्या माथी मारला होता, हे सर्वश्रुत आहे. मराठी बोलीत उपदंशास ‘गरमी’ आणि पुयमेहास ‘परमा’ म्हणत. पुढे या सर्व रोगांना मिळून ‘गुप्तरोग’ हा शब्द रूढ झाला. परक्याचा रोग आणि लपविण्याचा रोग, या दोन्ही कल्पना शासकीय व्यवहारात उतरल्या, त्या छावण्यांच्या द्वारे.

पेशवाईच्या अखेरीनंतर पुणे व खडकी येथे इंग्रज फौजेच्या मोठ्या छावण्या वसल्या. गोऱ्या सैनिकांत गुप्तरोगांचे प्रमाण इतके होते की, सैन्याच्या बळाचाच प्रश्न उभा राहिला. १८६४ च्या लष्करी छावण्यांच्या कायद्याने छावणीच्या हद्दीतील वेश्यांची नोंदणी, त्यांची ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी आणि रोगी आढळलेल्या स्त्रीस बरी होईपर्यंत ‘लॉक हॉस्पिटल’ नामक रुग्णालयात ठेवणे, अशी पद्धत सुरू झाली. पुणे व खडकी या दोन्ही छावण्यांत अशी रुग्णालये चालत. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने हीच पद्धत नागरी वस्तीत आणली. मुंबई शहरात तो कायदा १८७० मध्ये लागू झाला. परंतु खर्च सरकारने सोसावा की नगरपालिकेने, हा वाद माजला आणि नोंदणी टाळण्याकडे स्त्रियांचा कल राहिला; दोन वर्षांतच त्यास स्थगिती द्यावी लागली. १८८० मध्ये तो पुन्हा अमलात आला. जोसेफिन बटलर यांच्या चळवळीने इंग्लंडमधील लोकमत ढवळून निघाले होते. १८८८ च्या जूनमध्ये पार्लमेंटाच्या कनिष्ठ सभागृहाने या पद्धतीविरुद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातील कायदा रद्द झाला.

या प्रकरणाची चर्चा बहुधा नैतिक अंगाने होते. आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. लॉक हॉस्पिटल हे रोग्यासाठी नव्हते. ते सैन्यासाठी होते. तेथे आणलेल्या स्त्रीच्या प्रकृतीची काळजी वाहिली जाई ती तिच्याकडून सैनिकास बाधा होऊ नये म्हणून. कायद्याची सक्ती स्त्रियांवर होती. छावणीच्या आसपासच्या गावांतील शेतकरी, हमाल, विणकर, त्यांच्या बायका यांस या व्यवस्थेत स्थानच नव्हते. रोग त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता असे मानण्यास मात्र काहीच आधार नाही. शिवाय त्या सक्तीचे फळही संशयास्पदच राहिले. कायदा उठल्यानंतर १८९५ मध्ये गोऱ्या फौजेतील दर हजारी ५२२ एवढ्या वेळा सैनिक या रोगांसाठी रुग्णालयात दाखल झाले; हा आकडा पुढे करून सक्तीचे समर्थक आपली बाजू मांडीत. पण पुढील पंधरा वर्षांत ते प्रमाण झपाट्याने उतरले. ते सुधारलेल्या राहणीने उतरले, नव्या छावणी-नियमांनी उतरले की उपचारपद्धतीने, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. सामान्य जनतेतील प्रमाण काय होते, हे सांगणारा आकडा मात्र त्या काळच्या कोणत्याच बाजूने मांडला नाही, कारण तो कोणास हवा नव्हता.

या शांततेचा भंग मराठीत केला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हे त्यांनी साध्या भाषेत आणि पापपुण्याचा उल्लेख टाळून लिहिले. क्षय किंवा विषमज्वर यांविषयी जसे बोलावे तसेच या रोगांविषयी बोलावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्याबद्दल त्यांस न्यायालयात खेचण्यात आले; १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. दंड झाला. कर्वे यांचे लेखन वाचणारा वर्ग लहान होता आणि तो शहरी व शिक्षित होता, हे मान्य केले तरी एक गोष्ट नाकारता येत नाही: रोग्याने कोणत्या वर्गात मोडावे याची अट न घालता या रोगांविषयी मराठीत सातत्याने बोलणारे त्या पंचवीस वर्षांतील ते जवळजवळ एकटेच होते.

उपचाराची स्थिती या काळात पालटत होती. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा आली. १९१० मध्ये एर्लिख यांचे साल्व्हर्सन हे सोमलयुक्त औषध बाजारात आले. परंतु त्याची इंजेक्शने आठवड्यामागून आठवडे, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ, पारा अथवा बिस्मथ यांच्या जोडीने घ्यावी लागत. मोलमजुरी करणाऱ्यास हे परवडणारे नव्हते. घाव भरून आला की रोगी दवाखान्यात येणे सोडी, आणि रोग आत घर करून राही. १९४३ मध्ये अमेरिकेतील स्टॅटन बेटावरील रुग्णालयात डॉ. माहोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाचे चार रोगी पेनिसिलिनने बरे केले. दीड वर्षाचा उपचार काही दिवसांवर, आणि पुढे दीर्घकाळ टिकणारे पेनिसिलिन निघाल्यावर प्राथमिक अवस्थेत एका इंजेक्शनावर आला. गुप्तरोगांसाठी वेगळे तज्ञ, वेगळी इमारत, वेगळी वेळ ही जी अपरिहार्यता सांगितली जात असे, तिचा शास्त्रीय आधार येथे बहुतांशी संपला. यापुढे उपदंशाची चिकित्सा सुईटोचणी जाणणाऱ्या कोणत्याही दवाखान्यात होऊ शकत होती.

नेमक्या याच वेळी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्यातील तात्कालिक योजना प्रसिद्धच आहे. मलेरिया, क्षय, कुष्ठ यांच्याबरोबर गुप्तरोगांचाही त्यात स्वतंत्र विचार आहे. राष्ट्रीय पातळीवरील गुप्तरोग नियंत्रणाचा कार्यक्रमही १९४६ पासूनच मोजला जातो. १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे एक पथक हिमाचल प्रदेशात प्रात्यक्षिकासाठी आले होते. त्यानंतर १९५१ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यात पेनिसिलिनच्या कारखान्याविषयी करार झाला. यंत्रसामग्री युनिसेफने व तांत्रिक साहाय्य आरोग्य संघटनेने द्यावयाचे ठरले. कंपनीची नोंदणी १९५४ मध्ये झाली. गोरगरिबांस परवडेल असे औषध देशातच तयार व्हावे, हा या उद्योगाचा हेतू होता, आणि कारखान्यातील संशोधकांनी तो केवळ उत्पादनापुरता ठेवला नाही. हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेतले असून त्याच्या नावात कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. स्त्रियांच्या योनिमार्गाच्या बुरशीजन्य विकारांवर ते वापरले गेले.

तेव्हा १९५५ च्या सुमारास औषध होते, निदानाची पद्धत होती, प्राथमिक केंद्राची कल्पना होती आणि १९५२ पासून समाजविकास योजनेखाली अशी केंद्रे उघडूही लागली होती. यांची सांगड पडली नाही. प्रत्येक मोठ्या रोगासाठी दिल्लीहून खाली येणारी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचा तो काळ होता: मलेरियाची मोहीम १९५३ ची, ती निर्मूलनात रूपांतरित झाली १९५८ मध्ये, देवीच्या निर्मूलनाची १९६२ ची. प्राथमिक केंद्राचा वैद्य आणि त्याचे कर्मचारी या मोहिमांच्या आणि पुढे कुटुंबनियोजनाच्या लक्ष्यांच्या मागे धावू लागले. गुप्तरोगांचा कार्यक्रम मात्र जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांतील ‘त्वचा व गुप्तरोग’ विभागांत जाऊन बसला. खेड तालुक्यातील रोग्यास ससूनपर्यंत जाणे भाग होते. तेथे कोणत्या खोलीबाहेर तो उभा आहे, हे बाहेरच्या पाटीवरून सर्वांस कळे.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. यॉज नावाचा रोग उपदंशाच्या जंतूच्या अगदी निकटच्या भावंडामुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरत नाही. जंगलभागातील दरिद्री वस्त्यांत, मुख्यतः मुलांच्या उघड्या त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी भागांतही त्याचा प्रादुर्भाव होता. त्याचे औषधही पेनिसिलिनच. १९५० च्या दशकात युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने आणि १९९६ पासून पुन्हा नव्या जोमाने, कर्मचारी घरोघर गेले, रोग्यास व त्याच्या सान्निध्यातील सर्वांस एकेक इंजेक्शन दिले. २००३ नंतर देशात नवा रोगी आढळला नाही आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त म्हणून घोषित झाला. जंतू जवळजवळ तोच, औषध तेच, देशही तोच. उपदंश घरोघर जाऊन शोधता येत नाही हे खरे, आणि म्हणून ही तुलना फार ताणता येणार नाही. पण रोग्याच्या सान्निध्यातील व्यक्तीसही उपचार दिल्याविना रोग हटत नाही, हे तत्त्व दोहोंकडे सारखेच आहे, आणि एकीकडे ते पाळले गेले, दुसरीकडे कागदावर राहिले.

सरकारी दवाखाना ज्या गोष्टीविषयी बोलत नाही ती भिंती बोलतात. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ चा, म्हणजे पिंपरीच्या कंपनीच्या नोंदणीच्याच वर्षीचा. गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिरातींस त्याने बंदी केली. तरीही रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला दिसत राहिला आणि रस्त्याकडेच्या तंबूंत ‘खानदानी’ वैद्य बसत राहिले. त्यांच्याकडे जाणारा मनुष्य अडाणी असतो असे सरसकट म्हणता येत नाही. तेथे नाव विचारीत नाहीत, केसपेपर काढीत नाहीत, आणि पाळी सुटल्यावर रात्री आठ वाजताही कोणी तरी भेटते. या तिन्ही सोयी प्राथमिक केंद्रात नव्हत्या.

पिंपरी-चिंचवडची वाढ १९६० नंतर वेगाने झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; मोटारी, दुचाकी वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे कारखाने आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे आले. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. ती २००१ मध्ये १० लाखांवर आणि २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. कायम कामगारास १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजनेचा दवाखाना मिळाला, मोठ्या कारखान्यांत स्वतःचे डॉक्टरही असत. परंतु कारखान्याचा डॉक्टर हा मालकाचा नोकर. ज्या रोगाची वाच्यता झाल्यास मुकादमापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांच्या नजरा बदलतात, तो रोग त्याच्यापुढे कोण उघड करणार? विम्याच्या दवाखान्यात कुटुंबाचा समावेश असला तरी अनेकांचे कुटुंब गावी होते, साताऱ्यास, बीडला, लातूरला. रोग वर्षातून दोनदा, सणाला, गावी जाई. विमा जात नसे.

नागरी भागातील प्राथमिक आरोग्यसेवेची हेळसांड हाही या कथेचा एक भाग आहे. प्राथमिक केंद्र व उपकेंद्र यांचे निकष खेड्यांसाठी बांधलेले होते: तीस हजारांमागे केंद्र, पाच हजारांमागे उपकेंद्र. शहरांस असा निकष नव्हता. नगरपालिकेच्या दवाखान्यांवर व खाजगी वैद्यांवर भिस्त होती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले व पन्नास हजारांमागे एक नागरी प्राथमिक केंद्र हे प्रमाण तेव्हा ठरले. म्हणजे पिंपरी-चिंचवड हे शहर म्हणून चाळिशी ओलांडल्यानंतर त्यास प्राथमिक सेवेचा राष्ट्रीय निकष लाभला.

१९८६ मध्ये मद्रास येथे भारतातील पहिल्या एचआयव्ही-बाधित व्यक्ती आढळल्या आणि गुप्तरोगांचा विसरलेला प्रश्न नव्या भयाच्या रूपाने परत आला. १९९२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली, तीही या पट्ट्यात, भोसरी येथेच. पेनिसिलिनच्या कारखान्यापासून ती काही मैलांवर आहे. या संस्थेच्या संशोधकांनी पुण्यातील गुप्तरोग-चिकित्सालयांत केलेली पाहणी जागतिक कीर्तीची ठरली. १९९३-९४ मध्ये तपासलेल्या २८०० रोग्यांपैकी २३.४ टक्के एचआयव्ही-बाधित निघाले. परंतु त्याहून विचार करावयास लावणारा निष्कर्ष डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ ते १९९६ या काळात या चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांपैकी ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या. त्यांत बाधितांचे प्रमाण १३.६ टक्के होते. यांतील बहुतेक स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता.

लॉक हॉस्पिटलच्या काळापासून चालत आलेल्या वर्गीकरणास यापेक्षा स्पष्ट उत्तर देता आले नसते. त्यापूर्वीच, राज्याच्या दुसऱ्या टोकास, डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखविले होते की, ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होता, दरडोई सरासरी ३.६ रोग होते, आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. हे सर्व रोग संसर्गजन्य नव्हते, आणि जननमार्गाचे सर्व संसर्गही शरीरसंबंधातून होत नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी त्या ८ टक्क्यांचा अर्थ सरळ आहे. ज्या स्त्रियांपर्यंत कुटुंबनियोजनाची परिचारिका वर्षानुवर्षे पोचत होती, त्यांच्या दुखण्याची विचारपूस त्या व्यवस्थेने केली नव्हती.

धोरणाने याची दखल घेतली, पण जुन्याच वळणाने. गुप्तरोग नियंत्रणाचा कार्यक्रम १९९२ मध्ये एड्स नियंत्रण कार्यक्रमात विलीन झाला. पैसा आला, औषधे आली. त्याबरोबर ‘जोखमीचे गट’ हा शब्दप्रयोगही आला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, मालमोटारींचे चालक, स्थलांतरित मजूर यांच्यासाठी स्वयंसेवी संस्थांमार्फत लक्ष्यवेधी प्रकल्प काढण्यात आले. निगडीच्या वाहतूकनगरीसारख्या जागा त्यामुळे महत्त्वाच्या ठरल्या. या प्रकल्पांनी मोठे काम केले, हे निःसंशय सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील एचआयव्हीचा प्रसार पुढील दोन दशकांत लक्षणीय रीतीने उतरला, आणि त्याचे श्रेय लॉक हॉस्पिटलासारख्या सक्तीस नसून त्या गटांतीलच स्त्री-पुरुषांनी उचललेल्या कामास मोठ्या प्रमाणात जाते. तथापि जो कोणत्याच गटात बसत नाही, त्याचे काय, हा प्रश्न तेथेच राहिला.

प्राथमिक केंद्रात या सेवा आणण्याचा प्रयत्न १९९७ च्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमाने केला. प्रयोगशाळा नसेल तेथे लक्षणसमूहावरून उपचार करावा, ही पद्धत स्वीकारली गेली आणि पुढे सात रंगांच्या औषधपेट्या सिद्ध झाल्या: मूत्रमार्गाच्या स्रावासाठी करडी, योनिस्रावासाठी हिरवी, जननेंद्रियावरील व्रणासाठी पांढरी, पेनिसिलिन सोसत नसलेल्यासाठी निळी, नागिणीच्या जातीच्या व्रणासाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळी, जांघेतील गाठीसाठी काळी. मोठ्या रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ निघाली. कल्पना व्यवहारी होती. परंतु तिच्या मर्यादा स्त्रियांच्या बाबतीत विशेष जाणवतात. पुरुषाचा पुयस्राव दिसतो. स्त्रीच्या गर्भाशयमुखाचा संसर्ग अनेकदा कोणतेही लक्षण न दाखविता राहतो, आणि जो योनिस्राव दिसतो त्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. लक्षण नाही म्हणून पेटी नाही, पेटी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून त्या केंद्राच्या क्षेत्रात रोग नाही, असा हिशेब होतो. पडदा असलेली तपासणीची जागा, स्त्री-वैद्य व थोडा निवांत वेळ या गोष्टी पेटीत घालून पाठविता येत नाहीत.

एक दार मात्र प्राथमिक केंद्रात खरोखर उघडले, ते गरोदर स्त्रीसाठी. तिची उपदंशाची व एचआयव्हीची तपासणी हा प्रसूतिपूर्व सेवेचा नेमाचा भाग झाला, आणि त्यामुळे नवजात बालके वाचली. परंतु येथेही दार एका वर्गापुरतेच आहे. अहवाल दोषयुक्त आला तर पतीस बोलावणे आवश्यक असते. तो चाकणला दुसऱ्या पाळीत असतो, अगर ओडिशात. आणि जुळणीच्या कामावर उभी असणारी, अविवाहित, भाड्याच्या खोलीत चौघींसह राहणारी मुलगी गरोदरही नसते आणि ‘जोखमीच्या गटात’ही नसते. तिने कोणत्या खिडकीपाशी जावयाचे, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही.

चाकणच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. संग्रामदुर्गासाठी व कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे खेड तालुक्यातील गाव १९९० नंतर औद्योगिक केंद्र बनले. २०१० च्या सुमारास परदेशी मोटारींचे मोठे कारखानेही आले. महाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांतून शेतजमिनींवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. प्रशासकीय दृष्ट्या ही गावे बराच काळ गावेच राहिली. खुद्द चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये. प्राथमिक केंद्राची मंजुरी जनगणनेवर अवलंबून. शेवटची जनगणना २०११ ची, म्हणजे कारखान्यांचा मोठा ओघ नुकता सुरू झाला त्या वेळची. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेला कंत्राटी कामगार त्या मोजणीत बहुधा आपल्या मूळ गावीच गणला गेला, किंवा मुळीच गणला गेला नाही. तेव्हा ज्या केंद्राने त्यास औषध द्यावयाचे, त्याच्या मंजूर पदांत व औषधांच्या मागणीत तो धरलेलाच नसतो. राज्य विम्याचा हक्क कायद्याने कंत्राटी कामगारासही आहे. परंतु कंत्राटदार बदलला की नोंदणी नव्याने करावी लागते, आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळेत दवाखान्यात जाणे म्हणजे एका दिवसाचा रोज बुडविणे. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या मागून घेणे त्यास सोपे जाते. अशा अर्धवट उपचाराने परम्याचा जंतू औषधास दाद देईनासा होतो. पेनिसिलिन, व त्यानंतर आलेली आणखीही औषधे, त्या जंतूपुढे याच क्रमाने निकामी झाली. उपदंशाचा जंतू मात्र आजही पेनिसिलिनला शरण आहे.

त्यामुळेच पिंपरीच्या कारखान्याची उत्तरकथा येथे सांगणे प्राप्त आहे. आयात खुली झाल्यावर चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस हा कारखाना आजारी उद्योगांत गणला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य सभेत, उपदंशावर एका इंजेक्शनात काम भागविणारे बेन्झाथिन पेनिसिलिन अनेक देशांत कित्येक वर्षे अपुरे पडत आहे, अशी नोंद झाली होती. औषध इतके स्वस्त की ते करण्यात कोणास फायदा उरला नाही. भारतातही इंजेक्शनाच्या क्वचित होणाऱ्या प्राणघातक प्रतिक्रियेच्या धास्तीने अनेक वैद्य ते टाळू लागले होते, आणि निळी पेटी पांढरीपेक्षा अधिक सोयीची वाटू लागली होती. गरोदर स्त्रीस व तिच्या गर्भास मात्र पेनिसिलिनखेरीज खात्रीचा दुसरा उपाय नाही. २०२० मध्ये सरकारने मूळ औषधद्रव्यांच्या देशी उत्पादनास उत्तेजन देणारी योजना जाहीर केली, तीत पेनिसिलिनचा समावेश होता. त्यानुसार २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ नवा कारखाना सुरू झाला आहे.